गाऊन घसरतोय? बाजू आवळण्याआधी कंबर पाहा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर तुम्हाला लगेच कळेल. बहिणीसाठी जाड साटीनचा, खांद्याला पट्ट्या नसलेला लग्नाचा गाऊन तुम्ही घरी शिवताय. वर प्रिन्सेस कटचा, म्हणजे छातीवरून कमरेपर्यंत उभ्या शिवणी असलेला बॉडिस (गाऊनचा छाती ते कंबर हा भाग), त्याला अस्तर आणि सहा प्लॅस्टिक बोन, म्हणजे आत घातलेल्या ताठ पट्ट्या. खाली घेरदार स्कर्ट आणि मागे जमिनीवर लोळणारा ट्रेल. दुसऱ्या फिटिंगला बॉडिस खाली घसरायला लागला, बहीण सारखी वर ओढत होती, म्हणून तुम्ही बाजूच्या शिवणी दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच आत घेतल्या. आता काखेजवळ अंग फुगून वर येतं, छातीवर वरचा काठ सुटून पुढे उभा राहतो, पाठीवर कमरेच्या जरा वर आडव्या घड्या पडतात, आणि घसरणं काही थांबलेलं नाही. लग्नाला पाच आठवडे उरलेत.

या चार तक्रारी तुम्ही चार वेगळ्या गोष्टी म्हणून लिहिल्या आहेत. माझ्या मते मूळ अडचण एकच आहे: गाऊनला कमरेशी कुठे आधारच नाही. सगळं वजन छातीच्या पकडीवर सोडलेलं आहे, आणि ती पकड कितीही घट्ट केली तरी पुरी पडणार नाही.

खांद्यावर पट्टी असली की कपडा टांगलेला राहतो. पट्टी नसली की तो कशावर तरी टेकायला हवा. अंगावर तशी जागा कमरेची. तिथे शरीर बारीक असतं आणि लगेच खाली रुंद होत जातं, त्यामुळे कमरेला नीट बसलेला पट्टा खाली जाऊ शकत नाही. छाती ते कंबर हा भाग मात्र उलटा, खाली निमुळता होत जाणारा. निमुळत्या वस्तूवर वरच्या टोकाला काहीतरी करकचून बांधलं तर ते बारीक बाजूकडेच सरकतं. तुम्ही बाजू आवळल्या तेव्हा नेमकं हेच झालं. त्यात स्कर्टचं वजन. जाड साटीन, अस्तर, ट्रेल आणि आतला पेटीकोट मिळून ते सहज दोन-तीन किलोंवर जातं आणि हे सगळं बॉडिसला सतत खाली ओढत असतं. बॉडिस खाली आला की पाठीचं जास्तीचं कापड कमरेवर गोळा होतं. त्याच आडव्या घड्या. आणि शिवणीतला छातीचा फुगवटा प्रत्यक्ष छातीच्या खाली उतरतो, म्हणून वरचा काठ सुटतो.

तेव्हा पहिलं काम, घेतलेल्या बाजू सोडा. इथे एक सावधगिरी. ती टीप मशीनची असेल तर उसवल्यावर तिची भोकं आता कापडाच्या दर्शनी भागावर, मूळ शिवणीपासून अर्धा इंच आत दिसतील. साटीन ही खूण सहज विसरत नाही. उलट्या बाजूने हलकी वाफ द्या आणि नखाच्या पाठीने उभ्या-आडव्या धाग्यावर हळूच घासा. रेशमी साटीनमध्ये भोकं बऱ्यापैकी मिटतात, पॉलिएस्टरमध्ये कमी. वाफ देण्याआधी त्याच कापडाच्या तुकड्यावर करून बघा, कारण रेशमावर पाण्याचा थेंब पडला तरी डाग राहू शकतो. खूण राहिलीच तर ती हाताखाली येते, शिवाय तिथे लेसचं फूल लावता येतं. त्यासाठी पुढचा बॉडिस पुन्हा कापायची गरज नाही. यापुढे मात्र फिटिंगची प्रत्येक दुरुस्ती बारीक सुईने, हाताच्या कच्च्या टाक्यांनीच करा. मशीनची टीप सगळं पक्कं ठरल्यावर. साटीनला नवी, बारीक, तीक्ष्ण सुई लावा, ६० किंवा ७० नंबरची.

आता आतला कंबरपट्टा, म्हणजे वेस्ट स्टे. या उत्तरातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

आधी कंबर नेमकी कुठे आहे ते शोधा. पाव इंची इलॅस्टिक बहिणीच्या कमरेला बांधा आणि तिला दोन्ही बाजूंना दोन-तीनदा वाकायला सांगा. इलॅस्टिक आपोआप जिथे स्थिरावेल ती खरी कंबर. ती बहुधा तुमच्या पॅटर्नवरच्या रेषेपेक्षा थोडी वर किंवा खाली निघते, आणि पुढे-मागे सारख्या उंचीवर असेलच असं नाही. गाऊन घालून आतल्या बाजूला प्रत्येक शिवणीवर ही जागा धाग्याने टिपून घ्या. मग टेप अंगाला टेकेल इतपत घट्ट धरून माप घ्या. पोट आत न ओढता, सहज उभं राहून.

पट्ट्यासाठी १ इंच रुंदीची ग्रोसग्रेन रिबीन घ्या, आडव्या बारीक रेघांची, अजिबात न ताणणारी. साटीनची रिबीन चालणार नाही, ती घसरते आणि ताणते. लांबी कमरेच्या मापापेक्षा अर्धा इंच कमी ठेवायची, आणि दोन्ही टोकं दुमडायला दीड-दीड इंच जास्तीचं घ्यायचं. म्हणजे माप २८ असेल तर तयार पट्टा साडेसत्तावीस, कापताना साडेतीस. बॉडिसची कंबर मात्र मापापेक्षा अर्धा ते पाऊण इंच मोठी हवी. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. ताण रिबिनीने घ्यायचा, साटीनने नुसतं वरून गुळगुळीत बसायचं. साटीनवर ताण आला की शिवणी तडतडतात, आणि सगळ्यात आधी चेन कमरेच्या जोडाशी उघडते.

लावताना रिबिनीचा मध्य कमरेच्या खुणेवर ठेवा. पुढच्या दोन प्रिन्सेस शिवणी, दोन्ही बाजूंच्या शिवणी आणि पाठीच्या प्रिन्सेस शिवणी, एवढ्याच ठिकाणी ती टाक्यांनी जोडा. चेनच्या दोन्ही बाजूंना शेवटचे तीन-तीन इंच मोकळे सोडा, नाहीतर चेन उघडी असताना हूक लावायला हात शिरणार नाही. दुहेरी दोरा घ्या. रिबिनीच्या वरच्या कडेला पाच-सहा टाके, खालच्या कडेला पाच-सहा, आणि सुई फक्त आतल्या शिवणीच्या मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या जास्तीच्या कापडात उतरवा. साटीनमधून ती एकदाही बाहेर यायला नको. प्रत्येक टाक्यानंतर कापड उलटून बोट फिरवून पाहिलेलं बरं. अस्तर लावून झालं असेल तर ते उसवू नका. रिबीन अस्तरावर, अंगाच्या बाजूला ठेवून सुई अस्तरातून खालच्या मायेत न्या. टोकं दुहेरी दुमडून एकीकडे दोन मोठे हूक, दुसरीकडे तारेच्या कड्या. हुकाची सपाट पाठ अंगाकडे, आणि खाली कापडाची छोटी जीभ, म्हणजे कातडी चिमटत नाही.

मग खरी परीक्षा. आधी पट्टा लावा, नंतर चेन. बॉडिसच्या वरच्या काठाला लागून अंगावर चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा लावा. वीस मिनिटं बहिणीला चालू द्या, बसू द्या, हात वर करू द्या, वाकून चप्पल घालू द्या. स्कर्ट जोडलेला असायलाच हवा, निदान तितक्या वजनाचं काहीतरी कमरेला टाचलेलं तरी. नंतर काठ आणि चिकटपट्टी यांत एक सुतापेक्षा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापेक्षा जास्त फट पडली नसेल तर आधार बसला असं समजा.

हे सगळ्यांच्या अंगाला सारखंच लागू पडतं असं नाही. कंबर आणि नितंब यांच्या मापात फरक कमी असेल तर पट्ट्याला टेकायला जागा कमी मिळते. तेव्हा बॉडिसचा आतला भाग कमरेच्या खाली तीन-चार इंच, नितंबांच्या उंचवट्यापर्यंत वाढवावा लागतो, म्हणजे पकड लांब जागेवर वाटली जाते. तरी भागत नसेल तर खांद्यावर जाळीच्या कापडाच्या पट्ट्या द्या. तो पराभव नाही. लग्नाचा पूर्ण दिवस गाऊन वर ओढत काढण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. पोट नाजूक असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा बाळ होणार असेल तर कमरेवर भार देऊच नका, सरळ खांद्याचा आधार द्या.

बोनबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. बोन गाऊन वर धरत नाहीत. ते कापड खाली गोळा होऊ देत नाहीत, एवढंच त्यांचं काम. प्लॅस्टिकचे बोन गुंडाळीतून कापून घेतलेले असतात, त्यांना मूळची वळण असते, आणि अंगाच्या उबेने ते आणखी वाकतात. ते ठेवायचेच असतील तर कापडाखाली ठेवून कोमट इस्त्रीने आधी सरळ करा. माझा सल्ला असा की छातीवरून जाणाऱ्या पुढच्या दोन शिवणींत तरी स्पायरल स्टीलचे बोन घाला. ते दोन्ही दिशांना वाकतात, त्यामुळे छातीचा उतार धरून बसतात. सपाट स्टीलचा बोन एकाच दिशेला वाकतो, तो चेनच्या दोन्ही बाजूंना चांगला, म्हणजे पाठ सरळ राहते. तुमच्या सहांत चेनजवळचे दोन बहुधा नसतील, तेवढे वाढवा. प्रत्येक बोन त्याच्या खोळीपेक्षा दोन्ही टोकांना दोन-दोन सूत आखूड हवा, टोकाला टोपी बसवलेली. लांब राहिला तर तो काठाला आतून ढकलतो. काठ पुढे उभा राहण्याचं हेही एक कारण असतं, तेव्हा बोन बाहेर काढून एकदा तपासा.

कंबर बसली की मगच वरच्या काठाकडे वळा. तिथली थोडी फट आपोआप गेलेली असेल. उरलेली बाजूला आवळून जात नाही, कारण जास्तीचं कापड बाजूला नाहीच. ते काठ आणि छातीचा उंच बिंदू यांच्या मधे आहे. प्रिन्सेस शिवणीवर, काठापाशी, अंगठा आणि तर्जनीत कापड उचला. उचललेला भाग वर रुंद आणि खाली उंच बिंदूवर शून्य होणारा, अरुंद त्रिकोणासारखा असावा. तो खाली शून्य होत नसेल, तुम्हाला बिंदूच्याही खालून ओढावा लागत असेल, तर थांबा. मग कप, म्हणजे बॉडिसचा छातीवरचा फुगीर भाग, मोठा झालाय आणि तो पॅटर्नमध्ये सुधारायला हवा. दोन्ही बाजूंचं कापड वेगवेगळं उचला. एकीकडे दोन सूत, दुसरीकडे तीन निघणं अगदी नेहमीचं आहे, कारण दोन्ही बाजू सारख्या नसतात. कच्च्या टाक्यांनी घ्या, पुन्हा घालून पाहा. एका शिवणीत अर्ध्या इंचापेक्षा जास्त घ्यावं लागलं तर पुन्हा कप तपासा.

एवढं झाल्यावर काठाच्या आतून पाव इंची सुती टेप लावा. काठाच्या शिवणीपेक्षा एकूण अर्धा इंच कमी लांबीची, आणि ही कमी लांबी छातीच्या उंच भागाच्या दोन्ही अंगांना वाटून मुरवायची, मधल्या भागात नाही. साटीनचा काठ तिरप्या धाग्यावर कापलेला असल्याने हाताळताना ताणतो. टेप नसेल तर आज बसलेला काठ लग्नाच्या दिवशी सैल पडतो.

काखेजवळचा फुगवटा बाजू सोडल्यावर बहुतेक कमी होईल. राहिलाच तर काठ उंच आहे. तो काखेच्या खोबणीपासून निदान एक इंच खाली असावा. धाग्याने नवी रेषा टाका, तीन-चार सूत खाली, आणि हात पुढे घेऊन मिठी मारल्यासारखं करायला सांगा. हातांना काठ लागत नसेल तेव्हाच कापा.

पाठीच्या आडव्या घड्या कंबर बसल्यावरही राहिल्या तर दोन शक्यता. एक, नितंबांवर स्कर्ट घट्ट आहे आणि सैल जागा शोधत कापड वर चढतंय. बाजूच्या शिवणी नितंबांवर चार इंच उसवून पाहा, घड्या लगेच गेल्या तर हेच कारण. दुसरी, पाठीची लांबीच जास्त आहे, विशेषतः कमरेशी पाठ आत वळलेली असेल तर. मग कमरेवर आडवी चिमट घ्या, मध्यभागी जास्त आणि बाजूच्या शिवणीपाशी शून्य. हे चेन पक्की करण्याआधीच व्हायला हवं. घड्या वाचायची साधी खूण अशी: ताणलेली, तिरपी रेघ जिथून निघते तिथे कापड कमी पडतंय. बोटात सहज उचलता येणारी ढिली घडी म्हणजे तिथे जास्त झालंय. आधी कमतरता भागवा. बऱ्याचदा ढिल्या घड्या त्यामुळेच पडलेल्या असतात.

फिटिंगच्या अटी एकदा ठरवून टाका. अंतर्वस्त्र तेच, जे लग्नाला घालणार. गादीचे तयार कप आतून शिवून टाकायचे असतील तर आत्ता शिवा, कारण दोन सूत जाडीच्या कपाने छातीचं माप आणि काठाची उंची दोन्ही बदलतात. चप्पल तीच, पेटीकोट तोच. फिटिंग शक्यतो संध्याकाळी, जेवण झाल्यावर. शरीर सकाळपेक्षा थोडं फुगलेलं असतं आणि समारंभातही तसंच असणार. पट्टा लावून एकदा पूर्ण श्वास घ्यायला सांगा. छातीच्या पिंजऱ्याला फुगायला जागा नसेल तर गाऊन सुंदर दिसेल, पण तास-दीड तासाने तिला बसवणार नाही.

रेशमी कापडासाठीच्या बारीक टाचण्या घ्या आणि फक्त मायेतच खोचा. मेणाचा खडू वापरू नका, इस्त्रीखाली त्याचा तेलकट डाग पडतो. खुणा धाग्यानेच करा. इस्त्री करताना मायेखाली कागदाच्या पट्ट्या सरकवा, म्हणजे मायेची कड साटीनवर रेघ होऊन उमटत नाही.

पाच आठवड्यांचं गणित बसतं, पण सुटे आठवडे नाहीत. पहिल्या आठवड्यात बाजू सोडणं आणि कंबरपट्टा. दुसऱ्यात बोन, काठ, पाठ, हे सगळं कच्च्या टाक्यांवर. तिसऱ्यात पक्की शिलाई आणि चेन. मग गाऊन पूर्ण जोडून टांगण्यासाठी कमरेच्या आत शिवलेल्या फितींवर टांगून ठेवा, वरच्या काठाला अडकवून नाही. स्कर्टच्या तिरप्या भागातलं कापड वजनाने उतरतं, त्याला दोन दिवस तरी द्या. चौथ्यात खालची घडी. शेवटची फिटिंग लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी. बहिणीचं वजन या काळात बदलतंय असं वाटत असेल तर बाजूच्या शिवणींत एक इंच माया राखा, आणि चेनऐवजी पाठीला लूप आणि दोरी देण्याचा विचार करा. त्यात दोन-अडीच इंचांचा वाव मिळतो. मात्र हा निर्णय तिसऱ्या आठवड्याच्या आधी घ्या.

खालच्या घडीसाठी बहिणीने सरळ समोर पाहायचं, हात खाली. तिने वाकून पायाकडे पाहिलं की पुढची उंची बदलते. ती जागची हलणार नाही, माप घेणाराच जमिनीवर तिच्याभोवती फिरेल. जमिनीपासून पट्टीने वर मोजा. पुढे अर्धा ते पाऊण इंच वर, बाजूच्या शिवणीपाशी जमिनीला टेकेल इतपत, तिथून ट्रेलकडे सलग उतार. पुढचा भाग जमिनीला नुसता स्पर्श करणारा ठेवला तर तो पावलाखाली येतोच.

एक गोष्ट आत्ताच ठरवा: त्या दिवशी गाऊन चढवायला कोण असेल. शेवटच्या फिटिंगला त्या व्यक्तीलाही बोलवा आणि तिच्या हातून करून घ्या. गाऊन डोक्यावरून नाही तर पायातून वर, बॉडिस थोडा जास्तच वर ओढून धरायचा, आतला पट्टा कमरेवर आणून दोन्ही हूक लावायचे, मग काठ जागेवर सोडायचा, आणि चेन सगळ्यात शेवटी. पट्टा लागला असेल तर चेन दोन बोटांनी वर जाते. ओढावी लागत असेल तर हूक उघडा आणि पट्टा कुठे पिळला गेलाय ते बघा.